सरळ कोपर

थानबाईंनी पोरीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली, मग पुन्हा लावली. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चीनमधल्या फूशुन शहराच्या या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासून देणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि युएफेन. थानबाई क्रीडाशाळेत वेटलिफ्टिंगच्या प्रशिक्षक. अंघोळीला येतात, पण डोळा असतो पोरीबाळींच्या अंगकाठीवर. आज तो युएफेनच्या लेकीवर, निंगनिंगवर पडला.

"हात आखूड, मांड्या आखूड, धड लांब," त्या म्हणाल्या. "वजन डोक्यावर न्यायला हिला अंतरच कमी. जन्मलीय त्यासाठीच."

युएफेनलाही लहानपणी त्यांनी असंच सांगून नेलं होतं. पदक राहिलं बाजूला, खांदा गेला, कंबर गेली, कसल्याशा गोळ्यांनी आवाज घोगरा झाला, आणि मग शाळेनं घरी धाडलं. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायलासुद्धा लेक लागते.

म्हणून, आज बाईंचा यायचा वार हे ओळखून, सकाळीच तिनं पोरीला बजावलं होतं, बाई हात वर करायला सांगतील, तेव्हा कोपरं थोडी वाकडीच ठेव. वाकड्या कोपरानं उचललेलं वजन पंच धरत नाहीत, त्यामुळे अशी मुलगी शाळा घेत नाही.

पोर गुणाची. हात वर केले, कोपरं वाकडीच ठेवली. बाईंनी जोर लावून दाबून पाहिली, तरी हूं की चूं नाही. माझ्या जिवात जीव आला.

बाईंनी टेप गुंडाळली. जाता जाता म्हणाल्या, "आईवरच गेलीय. तीही अशीच वाया गेली. माझी एवढी वर्षं खाल्ली, आणि आता लोकांचा मळ काढतेय."

जळली मेली ती जीभ! युएफेननं मान खाली घालून फडकं पिळलं. तिला असलं ऐकायची सवय आहे. पोरीला नव्हती.

"माझी आई वाया गेलेली नाही," निंगनिंग म्हणाली.

तिनं भिंतीलगतची भरलेली बादली उचलली, छातीशी घेतली आणि एका दमात डोक्यावर नेली. दोन्ही कोपरं सरळ. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही.

थानबाईंनी टेप पुन्हा उलगडली.

"खाली ठेव," युएफेन म्हणाली. "खाली ठेव गं, बाळ."

बादली धरायला ती धावली. डावा हात वर पोचला. उजवा खांद्यापाशीच अडला.