अबोली बोलतेय

“सिस्टर, मला नाव बदलायचंय. जुनी नोंद तुमच्याकडं मिळंल म्हणाले,” असे म्हणत त्या मुलीने जन्माचा दाखला टेबलावर ठेवला.

शेवंता सिस्टरांनी चष्मा लावला. नाव अबोली, वडील व्यंकटी. तारीख वाचून त्यांचा हात कागदावरच राहिला.

“नवं काय ठेवणार?”

“अनाया.”

“ह्या महिन्यात तीन अनाया लिहिल्या मी.”

लोह्याकडच्या या आरोग्य केंद्रात त्यांची तीस वर्षे गेली. सुरुवातीला बाळंतिणींची नावे चंपा, कमळ, त्यांच्यासारखी शेवंता अशी असत. मग लेकी सायली, केतकी झाल्या. आता बाप मोबाइलमध्ये बघून शनाया, कियारा सांगत.

“अबोली का नको?”

“लातूरला क्लासच्या ऑफिसात फोन घेते मी. ‘अबोली बोलतेय’ म्हटलं की पलीकडचे हसतात. रोजच. कुणी ठेवलं हे नाव, घरात कुणी सांगत न्हाई.”

“मी लिहिलं,” सिस्टर म्हणाल्या.

मुलगी खुर्चीत बसली.

“तुझी आई, सिंधू. भर दुपारी जीपमधून आणली. तू नीट झालीस, पर तिचं रक्त थांबंना. नांदेडला न्यायला गाडी बोलावली होती. ती शुद्धीत होती, पर तोंडातून शब्द फुटंना. तिला जागं ठेवायला मी इचारलं, पोरगी झाली हाय, नाव काय ठेवायचं? तिनं डोक्यातल्या गजऱ्याला हात लावला. अबोलीचा होता. गाडी यायच्या आत गेली. घरच्यांनी नावाची जागा रिकामीच सोडली. मग मी लिहिलं.”

“म्हणजे आईनंच ठेवलं?”

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. हो म्हणणे सोपे होते.

“खोटं कशाला सांगू बाळा? नाव सांगत होती का गजरा टोचत होता, मला आजवर कळलं न्हाई.”

वडिलांनी वर्षाच्या आत दुसरे लग्न केले होते. घरात आईचा एक फोटोही नव्हता. अबोलीने विचारले, “केस लांब होते?”

“लई. एका मुठीत मावत नव्हते.”

“कुठं होती ती?”

सिस्टर तिला आतल्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या आणि खिडकीजवळची खाट दाखवली. त्या खाटेवर एक बाळंतीण पडली होती, कुशीत कालच झालेले लेकरू. अबोली दारातच थांबली.

“कोण पाहिजे ताई?” बाळंतिणीने विचारले.

“कुणी न्हाई.” तिने खाटेकडे बोट दाखवले. “मी अबोली. इथंच झाले, ह्याच खाटेवर.”

“आगं बाई!” म्हणत बाळंतिणीने पाय आखडून घेतले. “मग उभी का? बस की.”

अबोली आत गेली आणि खाटेच्या कडेला, मोकळ्या झालेल्या जागेत बसली.