मौनीबाबाची हाक

जखमी रानजनावरांच्या त्या दवाखान्यात मोठ्या अक्षरांत एकच नियम लिहिला होता: पिंजऱ्यापाशी बोलायचं नाही. माणसाच्या आवाजाला सरावलेलं जनावर रानात सोडलं, की ते सरळ कुणाच्या तरी दारात जातं आणि डोक्यात फावडं खाऊन मरतं. नियम चोख होता. फक्त तो करणाऱ्याच्या घरी बोलायला कुणीतरी असणार.

अठरा वर्षं तो नियम पाळणाऱ्या रखवालदाराला सगळे मौनीबाबा म्हणत. त्याची बायको गेली, त्याच आठवड्यात गाडीखाली पाय मोडलेलं कोल्हिणीचं पिल्लू आलं. घर खायला उठायचं. एकदा पिंजऱ्याची फरशी धुताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "आजपण मीठ विसरलो बघ." पिल्लानं कान टवकारले. मग काय, अठरा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडू लागलं.

चार महिन्यांत पाय जुळला, पिल्लाची कोल्हीण झाली आणि रानात सोडण्याआधीच्या परीक्षेचा दिवस आला. अनोळखी माणसानं पिंजऱ्यात जायचं, जनावरानं लांब पळायचं. कुंपणाच्या कामावरचा गवंडी आत गेला. कोल्हिणीनं त्याच्या बुटांवर हनुवटी टेकली.

"गुणी आहे हो," गवंडी हसला.

डॉक्टरीणबाई हसली नाही. ती मौनीबाबाची मेहुणी होती.

"भाऊजी, हिच्याशी कोण बोलत होतं?"

"मी."

"काय बोलत होतात?"

"तुझ्या ताईबद्दल."

तिनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली. "पंधरा दिवस देते," ती म्हणाली. "माणसाची भीती बसवा. रानात सोडता न येणाऱ्यांसाठीच्या, टेकडीमागच्या कुंपणातल्या कायमच्या जागा भरल्यात. बाकीच्या केंद्रांनाही विचारलंय, पण कुणी घेईलसं वाटत नाही."

मौनीबाबानं डबे बडवले, खडे मारले, शेवटी काठीही उचलली. कोल्हीण कळवळायची, कोपऱ्यात जाऊन अंग चाटायची आणि पुन्हा त्याच्याच पायाशी यायची. घरी गेल्यावर त्याला स्वतःच्या हातांची किळस यायची. दरम्यान केंद्रांची उत्तरं आली. सगळीकडून नकार.

सोळाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई शेवटचं इंजेक्शन भरून आली. कोल्हीण पार मागच्या भिंतीला होती, दाराशी टेकवलेल्या काठीकडे बघत.

"जाळं टाकलं तर घाबरेल, भाऊजी. हे घाबरत व्हायला नको."

"मग?"

"तुम्ही बोलवा."

त्यानं मेहुणीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण हात स्थिर होता. त्यानं काठी उचलून बाहेर फेकली आणि फरशीवर मांडी घातली. आपला आवाज फुटूच नये, असं त्याला मनापासून वाटलं.

"आजपण मीठ विसरलो बघ," तो म्हणाला.

कोल्हीण धावत आली.