पहाड धूसर का आला?

मित्रांनो, लाखनीतल्या एका लोखंडी कपाटात पडून असलेला मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पोटात एक तिरपा आरसा आहे. समोरचे दृश्य तो वर पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे पाठवतो आणि खटका दाबताच बाजूला होतो. मग प्रकाश फिल्मवर पडतो.

१९७४ साली तंत्रशाळेतील शिक्षक केवळराम यांनी मला विकत घेतले. दर शरदात, धान पिवळे पडू लागले की, ते मला घेऊन सिहोऱ्याकडे जात आणि चांदपूरच्या पहाडांची छायाचित्रे काढत. त्यांचे स्नेही भय्याजी ती आपल्या स्टुडिओत धुऊन देत, उत्तम असतील ती दुकानाच्या काचेत लावत.

१९७९ साली मात्र विपरीत घडले. माझ्यातून पाहताना डोळ्याला पहाड रेखीव दिसे. छायाचित्रात बांधावरचे गवत स्पष्ट आणि पहाड धुरकट! तीन रोल वाया गेले. पोळ्याच्या सुमारास भय्याजींनी मला साफ केले होते. त्यांनी माझी लेन्स काढून दुसरीच बसवली असावी, असा संशय केवळरामांच्या मनात शिरला.

"भय्याजी, माही लेन्स कोनाले देली?"

"अजी मास्तर, मी कायले देऊ? पहाडच हालला असन, त्याले इचारा!"

केवळराम हसले नाहीत. भय्याजींनी लेन्स चोरली, असे त्यांनी शाळेत सर्वांना सांगितले. विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांचे काम दुसऱ्या स्टुडिओकडे गेले. मी सारे जाणत होतो. पण मला वाचा नव्हती.

चोरी सिद्ध करण्यासाठी केवळरामांनी एकाच पहाडाची दोन छायाचित्रे घेतली : एक डोळ्याने पाहून लेन्स जुळवून, दुसरे केवळ लेन्सवरच्या दूर अंतराच्या खुणेवर विसंबून. फिल्म भंडाऱ्याहून धुऊन आणली. दुसरे छायाचित्र स्वच्छ होते. म्हणजे लेन्समध्ये दोष नव्हता, ती त्यांचीच होती! त्यांनी ती काढून आत पाहिले. आरशाखाली कुंकवाने माखलेली तांदळाची कणी चिकटली होती. आरसा पुरता टेकत नव्हता, म्हणून डोळ्याला रेखीव दिसे ते फिल्मवर धूसर उमटे.

"हे कोनं टाकलं?" त्यांनी पत्नीकडे रोखून पाहिले.

"अजी, दसऱ्याच्या पूजेत तुमीच तर लेन्स काढून ठेवली," गोदावरीबाई म्हणाल्या. "म्हने, हरेक भागाले अक्षता पायजे!"

दुसऱ्या दिवशी भरल्या दुकानात केवळरामांनी ती कणी भय्याजींसमोर ठेवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माही होती."

भय्याजींनी चहा मागवला. ओळखपत्रांचे कामही परतले. पण पुढची दहा वर्षे मला हाती घेताना ते म्हणत, "मास्तर, बसा इथं. तुमच्यासमोरच खोलतो."

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र चुकले, तर आधी त्याच्या पोटात दिवा धरून पाहा. माणसाच्या पोटात काय आहे, ते मग विचारा.