दाराखालची पाचर

मी एक पाचर बोलतेय. हसू नका. वीतभरही लांबी नाही माझी. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. काकांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. वाऱ्यानं आपटणारं दार उघडं धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

काकांच्या पुतणीनं मला उचललं ते नेमकं उलट्या कामासाठी. ती शिलाई मशीन दुरुस्त करते, गावोगावच्या कारखान्यांत एकटी जाते. मुक्कामाच्या खोलीत शिरली की आधी मला आतून दाराखाली सारते, मग चपला काढते. पहिल्यांदा गुळगुळीत फरशीवर मी साफ घसरले. तेव्हा तिनं माझ्या पोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.

परवा एका लॉजवर दाराची आतली कडी तुटलेली होती, होतं ते नुसतं बाहेरूनही किल्लीनं उघडणारं कुलूप. तिनं कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंना फोन करून लॉजचं नाव आणि खोली कळवली. दुपारी ती जरा आडवी झाली, तोच बाहेरून किल्ली फिरली. दार बोटभर सरकलं आणि माझ्यावर येऊन अडलं.

"कोण?" ती ताडकन उठली.

"मॅनेजर. पाणी हवंय का विचारायला आलो."

"विचारायला किल्ली लागते?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारची दोन दारं उघडली. तो पुटपुटत निघून गेला. तिनं लगेच सुपरवायझरबाईंना पुन्हा फोन लावला. बाई स्वतः आल्या, मॅनेजरला सर्वांदेखत फैलावर घेतलं आणि तिला आपल्या घरी घेऊन गेल्या.

काकांकडे घरी परतल्यावर तिच्यापुढे प्रश्न होता: सांगावं की गप्प बसावं? सांगितलं तर प्रवास बंद, म्हणजे नोकरीही. पण लपवणं तिच्या स्वभावात नाही. जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं.

"तरी मी म्हणत होतो!" काकांचा घास हातातच राहिला. "यापुढे धाकट्याला सोबत घेऊन जायचं."

"त्याला? तो अजून रस्ता ओलांडताना माझी ओढणी धरतो!"

"ताई, काहीही हं!" धाकटा भाऊ फुरंगटला.

"काका, किल्ली त्यानं फिरवली. मग घरी मी का बसू?"

काका हात धुऊन आले. तिच्या बॅगेतून मला काढून त्यांनी उलटसुलट पाहिलं, ट्यूबवरून अंगठा फिरवला.

"उतार फार आहे हिचा," ते म्हणाले. "कमी केला तर आणखी घट्ट बसेल. गाडी कधीची आहे तुझी?"

"उद्या सकाळची."

रंधा लागला तेव्हा अंग सोलून निघालं माझं, पण मी हूं की चूं केलं नाही.

आता मी तिच्या बॅगेत, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी पडून आहे. माझं कौतुक करू नका. दाराबाहेर तुम्ही उभे असाल, तर टकटक करा आणि आतून "या" ऐकू येईपर्यंत थांबा. नाहीच ऐकू आलं, तर मुकाट्यानं परत जा.