शेकड्याची गोम

ही गोष्ट ऐकून मान डोलावणारा माणूस शिरोड्यात अजून जन्मायचा आहे. भाईंनी चष्म्याशिवाय एका गोमीचे पाय मोजले, तेही एकही न चुकता.

वेळ तशीच आली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायला त्यांचा मुलगा सुशांत गाडी काढून अंगणात उभा होता. त्यांच्या पत्नी माईंनी पिशवीत टॉवेल भरला होता. आणि भाई खुर्चीतून उठत नव्हते. डोळा उघडाच ठेवतात, सुरी येताना दिसते, असं कोणीतरी त्यांना सांगून गेलं होतं.

"माझ्या डोळ्यांका काय धाड भरलीहा?" भाई खुर्चीला घट्ट धरून म्हणाले. "सकाळी न्हाणयेत गोम होती, वीतभर. बसान पाय मोजलंय तिचे."

"किती होते?" नात इशिताने विचारलं. ती प्राणिशास्त्र शिकते, सुट्टीला आली होती.

 भाईंचा उभा जन्म नारळ मोजण्यात गेलेला. दोन हातांत दोन नारळ, अशा पन्नास जोड्या टाकल्या की शेकडा. तोंडातून तेच पडलं.

"पन्नास जोडये. शेकडो पुरो."

"काल आमटीतली माशी कोकम म्हणान चघळलात," माई म्हणाल्या, "ती बरी दिसाक नाय तुमका?"

"शंभर? इतके कशाला?" इशिताने विचारलं. सुशांतने हॉर्न वाजवला. भाईंचा पाय चपलेत शिरेना.

"पळाक बरे पडले, म्हणान पाय वाढले," ते घाईघाईने म्हणाले. "इशिता, तूच सांगतंस मगे, निसर्ग निवडता."

"निवडतो, पण समोर असेल त्यातून. बाजारात जो मासा येतच नाही, तो माई कशी निवडणार? गोमीचं अंग घडतं तेव्हाच जोड्या विषम पडतात. कमीजास्त होतात त्याही दोन-दोनने. सम जोड्यांची जात आजवर कोणाला मिळालेली नाही."

 भाईंना सुरी आता अंगणापर्यंत आल्यासारखी वाटली.

"मगे एकोणपन्नास धर," ते हळूच म्हणाले. "एक जोडी घायीत ज्यास्ती मोजलंय."

इशिताने वाकून त्यांची चप्पल सरळ केली आणि त्यांच्याच बोलीत म्हणाली,

"वीतभर गोमीक एकवीस जोडये, फार तर तेवीस. तुमी एक पण पाय बघूक नाय, भाई. चला, गाडयेत बसा."