पाय बदलायचा राहिला

मी बोरी बुद्रुकची जुनी पिकअप बोलतेय. जन्म १९६८चा. कुणाला भंगार म्हणायचं असेल तर म्हणू दे. पण त्यानं आधी टोमॅटोच्या साठ पेट्या पाठीवर घेऊन नारायणगावचा बाजार गाठून दाखवावं.

१९९१ला रखमाजींनी, म्हणजे गावाच्या तात्यांनी, मला आणलं, तेव्हापासून माझे ब्रेक ढिले. ते पायडल तीनदा दाबायचे, तिसऱ्याला मी थांबायची. याला ते 'गाडीचा स्वभाव' म्हणत. माणसाची ही खोडच आहे. दुरुस्त करायचं नसलं की स्वभाव म्हणायचं.

नदीच्या उतारावर स्वभाव पुरत नसे. तिथं त्यांची बायको लंकाबाई खाली उतरून चाकापुढं लाकडी ठोकळा घालायची. बारा वर्षं घातला. २००३ साली तिथंच माझा पाइप फुटला, ब्रेक ऑइल सगळं रस्त्यावर. ठोकळ्यानं मी थांबले, पण तिची दोन बोटं चाकाखाली गेली.

दवाखान्यातून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ब्रेक बदला. न्हाईतर मी बसत न्हाई."

वारूळवाडीच्या बहिरू मिस्त्रीनं पुढं डिस्क ब्रेक बसवले, हलक्या दाबानंही ब्रेक लागावा म्हणून बूस्टर लावला, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे पाइप दिले. एक फुटला तरी दुसरा धरेल. "तात्या, आता नुसता पाय टेकवायचा," त्यानं बजावलं.

तात्यांनी बाजाराच्या फाटकात सवयीनं दाणकन पाय मारला. मी जागच्या जागी उभी! पेट्या टपावरून पुढं.

"तात्या, चटणी हितंच वाटायची का?" हमाल हसले.

तात्या तडक मिस्त्रीकडं. "काढ हे. जुनंच बरं व्हतं."

"गाडी बदलली तात्या, पाय बदलायचा राह्यला."

"तू काढ!"

सोबत आलेल्या लंकाबाईनं पट्टी बांधलेला हात पुढं केला. "काढा की. पर आदी माजी बोटं लावा."

मग ती स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी आली.

"तुमी तिकडं सरका. माज्या पायाला जुनी खोड न्हाई."

हात बरा झाल्यावर मोकळ्या वावरात ती महिनाभर शिकली, मग लायसन काढलं. शेजारी बसलेले तात्या प्रत्येक वळणाला रिकाम्या पत्र्यावर पाय आपटत. ती म्हणे, "आपटा, आपटा. तेवडाच पायाला व्यायाम."

आता २००९. माझा रंग उडालाय, एक दार तारेनं बांधलंय. त्याचं मला काही नाही. दसऱ्याला हार घालता, ठीक. पण आधी ब्रेक ऑइल बघत जा. आणि उद्या मला विकायचं ठरलं, तर घेणाऱ्याला एकदा नदीच्या उतारावर न्या. त्याचे हात, त्याची ऐट बघू नका. पाय बघा.