म्हणे पुलाबद्दल कोणी बोललेच नव्हते!

मित्रांनो, मी नगरपालिकेच्या सभागृहातला एक जुना रेकॉर्डर आहे. दिसायला साबणाच्या वडीएवढा, रंगाने काळा आणि कपाळावर एक लाल दिवा. तो दिवा लागला की समोर जे बोलले जाईल ते मी जसेच्या तसे साठवून ठेवतो. त्यात निवडानिवड मला येत नाही. भाषण, खोकला, खुर्चीची करकर, कोणाच्या तरी पोटातली गुरगुर, सगळे आत जाते.

कारखान्यात माझी चाचणी घेताना एका मुलीने "एक, दोन, तीन" असे म्हटले आणि लगेच एक बटण दाबले. माझ्या पोटातून तिचाच आवाज बाहेर आला आणि मी केवढा दचकलो! यापेक्षा मोठे धक्के पुढे बसायचे आहेत, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

मला या गावात आणले ते अध्यक्षबाईंनी. त्याआधी सभेत काय चालते ते लोकांना कळत नसे. सचिव दोन-चार ओळी लिहून दाराबाहेर चिकटवत, तेवढेच. अध्यक्षबाईंनी नियम केला की प्रत्येक सभा रेकॉर्ड होईल आणि कोणाही नागरिकाला ती मागून ऐकता येईल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हातात उंच धरले. "आजपासून इथलं एकही वाक्य चार भिंतींत राहणार नाही," त्या म्हणाल्या. टाळ्या कडाडल्या. त्या टाळ्याही माझ्याकडे आहेत. मला मऊ फडक्याने पुसायचे काम बाई दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

दिवा लागला की सदस्यांच्या बोलण्याला इस्त्री होई. एरवी एकमेकांना गाढव म्हणणारे "सन्माननीय सदस्य" म्हणू लागत. बदलले नाहीत ते एकटे ढोलकाका. त्यांचा आवाज एवढा दणदणीत होता की सारे गाव त्यांना याच नावाने ओळखे. विनोद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि लोकही हसायला तयारच असत.

अशाच एका सभेत नागरिकांमधून दातांच्या डॉक्टरीणबाई बोलायला उठल्या. कालव्यावर एक पादचारी पूल होता, त्याला खेटूनच त्यांचा दवाखाना.

"शाळेची मुलं पुलावरून पळत गेली की माझ्या ट्रेमधली हत्यारं खडखडतात," त्या म्हणाल्या. "आधी असं होत नव्हतं. कठडासुद्धा हातात हलतो. कोणीतरी एकदा येऊन बघून जा."

"डॉक्टरीणबाई, हत्यारं नसतील हो ती," ढोलकाका गरजले. "तुम्हाला बघून पेशंटचे दात वाजत असतील!"

सभागृह खो खो हसले. अध्यक्षबाईही हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बरं, पुढचा विषय घ्या." डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाली बसल्या.

आणि काही दिवसांनी तो पूल पडला.

शाळेला सुट्टी होती म्हणून मुले वाचली. पण गावचे पोस्टमन सायकल हातात धरून पुलावरून चालले होते. ते सायकलीसकट कालव्यात कोसळले. त्यांना बाहेर काढले तेव्हा मांडीचे हाड मोडलेले होते. ही बातमी सांगत लोक सभागृहात धावत आले आणि मी टेबलावर सुन्न पडून राहिलो. मला तर सगळे माहीत होते!

तातडीची सभा भरली. डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या. माझा दिवा लागला. आता डॉक्टरीणबाईंचे बोलणे निघणार, असे मला वाटले. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या.

"या पुलाबद्दल पालिकेकडे एकही तक्रार आली नव्हती," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची लोखंडी पाटी मात्र पुलाच्या खांबाला अडकवलेली होती. त्या वजनानंच खांब वाकला असावा."

मित्रांनो, मी हादरलो! मला उंच धरणाऱ्या त्याच बाई, तोच आवाज, आणि हे बोलणे? कोणीतरी उठेल, निदान खाकरेल म्हणून मी कान टवकारले. कोणी हूं की चूं केले नाही. ढोलकाकासुद्धा गप्प. त्यांचा आवाज नसलेली माझ्याकडची ती पहिलीच सभा.

मग सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंवर राळ उडवली. पेशंट येईनासे झाले. पोस्टमनच्या बायकोने दवाखान्याच्या दारात उभे राहून विचारले, "माझ्या नवऱ्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं?" हे मला सभागृह झाडायला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळले.

एका दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. "मी पुलाबद्दल बोलले त्या सभेचं रेकॉर्डिंग मला नियमाप्रमाणे ऐकायचंय," त्यांनी सचिवांना सांगितले. सचिव चाचरत "उद्या या" म्हणाले. त्या गेल्या तशी अध्यक्षबाईंनी दार लावून घेतले.

"ते पुसून टाका."

"बाई, नियम तुमचाच आहे," सचिव म्हणाले. "माझ्या हातून हे नाही व्हायचं."

"मग यंत्र बिघडलंय म्हणून सांगा. एवढं तरी जमेल?"

मला पुसणाऱ्या त्याच हातांनी बाईंनी माझे सेल काढले आणि मला कपाटाच्या खणात टाकले. आजवर मी कोणाची साधी शिंकही हरवली नव्हती. आणि मी म्हणे बिघडलो! अंधारात पडून मी रागापेक्षा आश्चर्यानेच थिजून गेलो होतो.

पुढची सभा मी खणातूनच ऐकली. आत नीट ऐकू येत नव्हते, पण एक आवाज कपाटाच्या दारातून आरपार आला.

"बिघडलंय? मग दाखवा की!"

पावले आपटत आली, खण उघडला आणि ढोलकाकांच्या भल्यामोठ्या पंजाने मला उचलले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून माझ्यात घातले.

"काका, तुमचीच बेअब्रू होईल," अध्यक्षबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"होऊ दे," ते म्हणाले. "काल पोस्टमनला बघायला गेलो होतो. बिचारा म्हणतो, काका, एखादा विनोद सांगा, दुखणं विसरायला होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना." आणि त्यांनी बटण दाबले.

हत्यारे खडखडतात, कठडा हलतो, बघून जा. मग तो विनोद. मग ते हसणे. त्या दिवशी हलकेफुलके वाटलेले हसणे आता भरल्या सभागृहात असे काही घुमले की कोणाला मान वर करता येईना. अध्यक्षबाई माझ्या सर्वांत जवळ बसत, म्हणून त्यांचे हसणे सर्वांत स्पष्ट होते.

"यंत्र कधीच बिघडलं नव्हतं," सचिव पुटपुटले.

आता नागरिकांमध्ये बसलेल्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना फैलावर घेतील, असे मला वाटले. पण त्या माझ्याकडेच बघत राहिल्या होत्या.

"माझा आवाज एवढा हळू होता?" त्यांनी विचारले. "मला वाटत होतं, मी चांगलं ठणकावून सांगितलं होतं."

मागच्या रांगेतून पोस्टमनची बायको उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

अध्यक्षबाईंनी राजीनामा दिला. पाण्याने पुलाचा पाया पोखरला होता, पाटीचा काही संबंध नव्हता, असे चौकशीत निघाले. पोस्टमन आता काठी घेऊन चालतात. दवाखान्यात पुन्हा गर्दी असते. पेशंट पुन्हा येऊ लागले त्या पहिल्या दिवशी ढोलकाका स्वतः तोंड उघडून खुर्चीत बसले, आणि तेवढा वेळ गावात शांतता होती म्हणतात.

सभागृहात आता नवे यंत्र आले आहे. मला सगळ्या जुन्या सभांसकट वाचनालयात ठेवले आहे. कोणीही यावे, ऐकावे. पण खरे सांगू? एवढे सगळे होऊनही महिनोन्महिने कोणी फिरकत नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, एकदा या. भाषणे लांबलचक आहेत, ऐकताना डुलकीही लागेल. पण मधेच कोणीतरी अगदी हळू काहीतरी सांगत असते. तिथे थांबा. आवाज वाढवायचे बटण माझ्या उजव्या अंगाला आहे.